पोतंभर कचरा

कुंडी तयार होती, कचरा नव्हता.

शाळेच्या अंगणात, कडुलिंबाच्या विरळ सावलीत, सिमेंटची ती नवी कुंडी एखाद्या अनुत्तरित प्रश्नासारखी तोंड उघडून बसली होती. उद्या शिक्षण खात्याचे साहेब तिची फीत कापणार होते आणि पहिला कचरा स्वहस्ते टाकून मुलांना स्वच्छतेचा धडा देणार होते. ताडकळसपलीकडच्या त्या वाडीचे एकुलते शिक्षक दत्तराव यांचे सारे भवितव्य त्या क्षणावर तोललेले होते. त्यांची पत्नी गीताबाई पूर्णेत, रेल्वेच्या कचेरीत कारकून. दत्तरावांचा तिकडे बदलीचा अर्ज साहेबांपाशी पडून. "कार्यक्रम नीट होऊ द्या, मग बघू," असे साहेब म्हणाले होते. आईपाशी राहणारी तीन वर्षांची लेक दत्तरावांना बाबा म्हणायचे सोडून 'पावणे' म्हणू लागली होती.

सकाळीच त्यांनी मुलांना घरून कचरा आणायला पिटाळले. एका मुलीने तेलाचा रिकामा डबा आणला.

"पण गुर्जी, मायनं सांगितलंय, कार्यक्रम झाला की डबा माघारी आण."

दुसऱ्याने फाटकी चप्पल आणली. तिचा मालक, म्हणजे त्याचा बाप, एका पायात चप्पल घालून तिच्या मागोमाग आला.

शेवटी दत्तराव स्वतःच शेजारच्या सरजाबाईंच्या दारात उभे राहिले. "सरजाबाई, थोडा कचरा मिळेल का?"

सरजाबाईंनी पदर खोचला. "माझ्या घरात कचरा हाय, असं कोण म्हणलं तुमाला?"

"तसं नाही हो. केरबीर, सालंबिलं..."

"सालं शेळी खाती. राखंनं भांडे घासते. चिंध्याची गोधडी शिवायलेय. रद्दी भिजू घातलीय, टोपल्या करायच्यात."

"मग उकिरड्यावरचं घेऊ का पाटीभर?"

"हात तर लावून बघा! लेकरावानी जपलाय त्याला. ज्वारीला घालायचाय."

दुपारी दत्तरावांनी रिकामे पोते काखोटीला मारून पूर्णा गाठली. बाजारात कचऱ्याला तोटा नव्हता. पिशव्या, बाटल्या, खोकी, कागद असे एका शहराने विसरून टाकलेले सारे त्यांनी पोत्यात भरले आणि बस पकडली.

"काय हाय पोत्यात?" कंडक्टरने विचारले.

"कचरा."

"कचरा? पूर्णेहून न्यायलाव? गावात उगवंना का?"

सारी बस हसली. दत्तराव खिडकीबाहेर मावळतीकडे पाहत राहिले. तिला तरी कुणी हसत नव्हते. गावात शिरताच त्यांनी पोते कुंडीत रिते केले आणि निःश्वास सोडला.

सकाळी येऊन पाहतात तो कुंडी रिकामी. कुंपणाच्या तुराट्यांवर धुतलेल्या पिशव्या निळ्या-पिवळ्या पाखरांसारख्या फडफडत होत्या. खोकी दळणाला गेली होती, बाटल्या रॉकेलला. तळाशी उरलेल्या कागदांच्या कपट्यांवर पलीकडच्या घरातल्या कस्तुराबाईंची खुडूक कोंबडी विराजमान झाली होती.

"कस्तुराबाई, उचला हिला! साहेब यायलेत!"

"उठवू नका मास्तर! रातीच अंड्यांवर बसवलीय. जागा लय झकास बांधलीत बघा."

इतक्यात जीप आली. साहेबांनी चहा घेतला आणि फीत कापली. कचरा दिसेना, म्हणून त्यांनी हातातला प्लॅस्टिकचा पेलाच कुंडीत भिरकावला. कोंबडी किंचाळत थेट साहेबांच्या टोपीवर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हाच कार्यक्रम असावा, असे त्यांना वाटले.

सरजाबाईंनी वाकून पेला उचलला. "साहेब, चांगला पेला हाय की! फेकता कामून? मिरचीचं रोप लागंल यात."

साहेबांनी टोपी झटकली. स्वच्छतेचे भाषण खिशात होते, तिथेच राहिले. त्यांनी आधी लख्ख अंगणाकडे, मग दत्तरावांकडे पाहिले.

"मास्तर, गावात टाकायला काडी नाही! ही तुमची कमाल. अशा माणसाला इथून हलवणं म्हणजे पाप. अर्ज रद्द समजा."

दत्तरावांच्या डोळ्यांपुढे 'पावणे' म्हणणारी चिमुकली जिवणी तरळली. "साहेब, यात माझं काही नाही! ही माणसं मुळात काही फेकतच नाहीत. उलट मीच काल पोतंभर कचरा पूर्णेहून इथं आणला!"

"पूर्णेहून? स्वतः उचलून?"

"व्हय," दत्तराव मान खाली घालून म्हणाले. आता बदलीच काय, नोकरीही गेली.

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "म्हणजे तुम्ही पूर्णाही साफ करायला घेतली? मग तुम्ही इथं काय करताय? या गावाला धडा शिकवायचा कशाचा? धडा तिकडच्यांना हवा. जा पूर्णेला. तिथल्या पोरांना हेच शिकवा."

आठवड्याने हुकूम आला. बसपाशी निरोपाला सारी वाडी जमली. दत्तरावांचे डोळे भरून आले. सरजाबाईंचेही भरले होते. पण त्यांचे लक्ष पुढल्या भेटीकडे होते.

"पूर्णेला लय चांगलं चांगलं फेकून देतेत म्हणं," त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "मास्तर, याल तवा रिकाम्या हातानं येऊ नका."