आबांच्या गाडीचं मुंडकं

रस्त्यात आडव्या आलेल्या घोरपडीला चिरडायचं नाही, एवढंच मी ठरवलं. घोरपड वाचली. गाडी भातशेतीच्या कालव्यात गेली. (मीही वाचलो, पण त्याचा आनंद घरात कोणी उघडपणे दाखवला नाही.)

गाडी माझी नव्हती, सासऱ्यांची होती. आबा गेल्या पावसाळ्यात वारले. ईदच्या सकाळी त्यांच्याच गाडीतून त्यांच्या कबरीवर जायचं, असं सासूबाईंनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. रोजे संपत आले होते.

चिनी गॅरेजवाला आ सेंग गाडीखाली शिरला आणि तोंड पाडून बाहेर आला.

"बॉस, पुढची चासी वाकली. ठोकून सरळ होणार नाही. जुन्या गाड्या अर्ध्या कापून विकतात ना, तसला पुढचा भाग आणा. हा कापू, तो जोडू. पण बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर जुळवून घ्या हं!"

"एवढं कळतं मला," मी म्हणालो. (मी शाळेत हेडक्लार्क आहे. असं म्हणायची सवय लागते.)

पट्टी चिखलाने माखली होती आणि माझा शर्ट इस्त्रीचा होता. नंबर बघायचा राहिला.

भंगारवाल्या पेरुमलच्या यार्डात गाड्यांची नुसती मुंडकी मांडून ठेवलेली, मासळीबाजारासारखी. त्यात मला आबांच्या गाडीचा तोच हिरवट करडा रंग दिसला आणि चक्क गहिवरून आलं.

"नंबर काय?" पेरुमलने विचारलं.

"रंग बघा की! हुबेहूब!"

"रंगाने गाडी जुळत नाही, साहेब. बरं, साल कुठलं? मध्ये एकदा कंपनीने बॉडी बदलली होती."

"आमच्या लग्नात घेतलेली. दोन हजार सात."

"नक्की ना?"

"लग्नाचं साल कुणी विसरतं का?"

"मी विसरतो," पेरुमल खिन्नपणे म्हणाला आणि मुंडकं टेम्पोत चढवायला लागला.

मी तिथूनच आ सेंगला फोन लावला. "मिळालं! अगदी जुळं भावंड! तू कापायला घे!"

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. (हे आजवर फार थोड्या लोकांनी केलंय आणि कोणी दुसऱ्यांदा केलेलं नाही.) टेम्पो पोचला तेव्हा आबांच्या गाडीचा पुढचा भाग कापून जमिनीवर पडला होता.

नवीन मुंडकं लावून पाहिलं. चासीचे दांडे चार बोटं बाहेर, भोकाला भोक जुळेना. आ सेंगने टेप लावला, डोकं खाजवलं, परत टेप लावला.

"बॉस, हे आधीच्या बॉडीचं आहे. साल काय सांगितलंत?"

"दोन हजार सात. आमच्या लग्नाचं."

"आपलं लग्न नऊ साली झालं," मागून आवाज आला. दारात रोकियाह उभी होती, माझी बायको. ती शांत होती. (ती ओरडते तेव्हा मला बरं वाटतं.) "सात साली कुणाशी केलंत?"

"सात साली मी नोकरीला लागलो," मी पुटपुटलो.

"ते बरं लक्षात राहिलं."

मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. पुढचं बोलणं तिने गिळलेलं मला दिसलं. दार उघडून ती स्टिअरिंगमागे बसली. समोर इंजिन नव्हतं, नुसती गॅरेजची काळी भिंत.

मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

"मी गाडी शिकले तेव्हा आबा तुम्ही बसलात तिथेच बसायचे," ती म्हणाली. "कितीही आपटली तरी ओरडायचे नाहीत. नुसतं 'हळू गं' म्हणायचे."

"हळू गं," मी म्हणालो.

ती रडायला लागली. तिकडे आ सेंग उगाचच स्वच्छ पाने पुसत बसला.

जुळणारं मुंडकं काही ईदपर्यंत मिळालं नाही. सकाळी आम्ही आ सेंगच्या टोचनच्या लॉरीतून निघालो. पुढे सासूबाई आणि रोकियाह, मागे हुकाशेजारी नवीन कपड्यांतला मी. वाटेत ओळखीचे लोक हात करत होते. मीही करत होतो.

कबरीवर पाणी शिंपडून, फुलं वाहून झाल्यावर सासूबाई खाली वाकल्या आणि आबांशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "गाडीची काळजी करू नका. अर्धी आहे अजून. जावई मात्र अख्खाच राहिला."