दोन बटणांची बेल

पगारे काकांकडे जेवायला बसलं की आधी बोटं सांभाळावी लागतात. आग्रहानं वाढणाऱ्यांवर उपाय म्हणून त्यांनी एक ताट बनवलंय. ताटात तिसऱ्यांदा काही पडलं की कडेची झाकणी खट्कन मिटते. पहिल्या चाचणीला शेजारीण म्हणून मीच सापडले. पोळी झाली, भात झाला, काकूंनी लोणच्याची फोड वाढली आणि झाकणी माझ्या बोटांवर. “लोणचं मोजायचं नाही, हे राहिलंच,” असं म्हणत काकांनी वहीत टिपून घेतलं. माझ्या बोटांबद्दल त्या वहीत अक्षर नाही.

काका सिन्नरला एका कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर नाशिक रोडहून जाऊन-येऊन दुसऱ्यांची मशिनं चालू ठेवली. निवृत्त झाले त्या दिवशी मला म्हणाले, “मॅडम, आता समाजाचं मशीन उघडून बघतो. लय खडखड करतंय.”

तेव्हापासून त्यांना शांतता नाही आणि आम्हालाही. हॉर्न वाजवणाऱ्याच्या हेल्मेटात तो हॉर्न आधी वाजला पाहिजे, ही एक कल्पना. सोसायटीच्या मीटिंगसाठी खुर्ची बनवली. माणूस बसला की ती हळूहळू खाली जाते, म्हणजे भाषण आटोपतं घेतील. आमचे सेक्रेटरी बोलत बोलत टेबलाखाली गेले, पण पाण्याच्या टाकीचा विषय काही सोडला नाही. काका म्हणाले, “खुर्ची पास हे. माणूस फेल.”

हसते मी त्यांना, पण खरं सांगू, या माणसाचं डोकं सोन्याचं आहे. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. बायका उठून उठून नळ बघायच्या. पाण्याच्या आधी पाइपातली हवा सुटते, हे काकांनी हेरलं आणि तिथं कुकरची शिट्टी बसवली. आता शिट्टी झाली की पाणी आलं. सगळी बिल्डिंग निवांत झोपते. त्याबद्दल त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही.

एक शोध मात्र त्यांना फार महागात पडला. मुलीच्या लग्नात त्यांनी सुधारित पत्रिका काढली. “लोकांना वेळ, हॉल आणि रस्ता पाहिजे असतो. ती चुलते-मामांची यादी कोण वाचतं?” म्हणून खिशात मावेल एवढं कार्ड. त्यावर नवरा-नवरीचं नाव, नकाशा, गाडी लावायची जागा आणि जेवण खरोखर कधी सुरू होणार ती वेळ. कॉलनीत कौतुक झालं.

ती यादी वाचणारा एक माणूस होता. काकांचे थोरले भाऊ, दादा, समोरच्याच बिल्डिंगमध्ये एकटे राहतात. त्यांनी स्वतःची शाळा सोडून धाकट्याला आयटीआय शिकवलं. त्यांनी कार्ड पुढून वाचलं, मागून वाचलं. लग्नाला आले, हॉलच्या दारात उभे राहिले आणि न जेवता गेले. तेव्हापासून अबोला.

काका माफी मागायला चार वेळा त्यांच्या जिन्यापर्यंत गेले आणि चार वेळा परतले. “त्यानं दारच नाही उघडलं तर?” एवढंच म्हणायचे. तोंड एवढंसं झालेलं असायचं.

मग त्यांनी यंत्र काढलं. दोन डबे, दोन्ही घरांत एकेक. डब्यात बटण. ज्याला बोलायचंय त्यानं गुपचूप दाबायचं, ते दाबलेलंच राहतं. एकच दाबलं असेल तर काहीच होत नाही. दोन्ही दाबली गेली की दोन्ही घरांत बेल वाजते. “म्हणजे आधी कोण नमलं, ते कुणालाच कळत नाही,” काका म्हणाले. एवढं शहाणपण मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

दादांकडचा डबा मीच नेऊन ठेवला, कसा चालतो ते सांगितलं. “ठेवा तिकडं,” एवढंच ते बोलले. वायर गल्लीवरून, गुलमोहरातून ओढली. काकांनी आपलं बटण पहिल्याच दिवशी दाबलं. वर्ष गेलं. दूधवाल्याची बेल वाजली तरी ते ताडकन उठायचे. काकू म्हणायच्या, “दूध हाय ते, बसा.”

मागच्या महिन्यात दादांकडच्या डब्याचे सेल बदलायला काकांनी मला पाठवलं. बटणाकडे बघायचं नाही, अशी शपथ घातली होती. दादा चहा टाकायला आत गेले आणि मी अर्थातच बघितलं. बटण दाबलेलं होतं. त्यावर धूळ बसलेली.

दादा कप घेऊन दारात उभे होते. “दिवाळीपासून दाबून ठेवलंय,” ते म्हणाले. “त्याच्याकडूनच काही नाही. सांगू नका त्याला.”

मी खिडकीतून बघितलं. त्या दिवाळीच्याही आधी, पावसाळ्याच्या तोंडावर गुलमोहराच्या फांद्या छाटल्या होत्या. त्यांच्याबरोबर वायरही तुटली होती, एक टोक पानांत लोंबत होतं. आख्ख्या कॉलनीची दुरुस्ती करणाऱ्या माणसानं ही एक वायर कधी तपासली नव्हती. तपासली असती आणि ती धड निघाली असती, तर दादांनी बटण दाबलेलं नाही हे पक्कं झालं असतं, त्याचीच त्यांना भीती.

शपथ गेली खड्ड्यात. मी धावत जाऊन सगळं सांगितलं. काका पक्कड घेऊन खाली उतरले. गुलमोहराखाली थांबले, वर बघितलं आणि तसेच समोरचा जिना चढले. मी मागोमाग.

दार उघडंच होतं. दादा खिडकीशी उभे राहून ती तुटकी वायर बघत होते.

“तुझं एक तरी यंत्र धड चाललंय का रे?” दादा म्हणाले.

“दादा, मी पत्रिका परत छापून आणतो. वरती तुझं नाव.”

“लग्न होऊन दोन वर्षं झाली. वाटणार कुणाला?”

“एकच छापतो. तुला.”

दादांनी त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली आणि दंडाला धरून त्यांना आत नेलं.