सोपाननानांचे दोन सर्व्हर

दहावीचा निकाल एका ब्राउझरमध्ये दिसला म्हणजे मूल पास झालं, असं सोपाननाना मानत नाहीत. त्यांच्याकडे चार ब्राउझर आहेत. चौघांनीही पास म्हटल्याशिवाय ते पेढ्याला हात लावत नाहीत. मागच्या निकालाला गल्लीतली शीतल पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या ओट्यावर ताटकळत बसली होती. दोन ब्राउझरांत निकाल दिसला, तिसऱ्यात पान उघडेना. नाना गळ्यातलं स्टॉपवॉच बंद करून तिला म्हणाले, "थांब पोरी, आजून तू निम्मीच पास हायेस."

शीतल रडायच्या बेतात आली. पेढा मात्र त्यांनी चौथ्या ब्राउझरनंतरच खाल्ला.

मी कोळवणच्या शाळेत गणित शिकवते. नानांचं घर माझ्या घराला लागून आहे, त्यामुळे त्यांचा विक्षिप्तपणा मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येतो. तीस वर्षं ते उरवड्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रातून निघालेला तुकडा मापात बसतो का बघायचं, नाही बसला तर लाल डब्यात टाकायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक तुकड्याला दोन मापं लावायची असत. एकात तो गेला पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. "एका मापावर इस्वास ठिवला की माल परत येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्यालाही ते हे ऐकवतात.

नाना निवृत्त झाले तेव्हाच कारखान्याने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले. काही आमच्या शाळेला मिळाले, दोन नानांनी आणले. कारखान्यातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाकडून थोडं शिकले, बाकीचं शब्दकोश मांडीवर घेऊन. लोक निवृत्तीनंतर तीर्थाला जातात, नानांनी ब्राउझर तपासायला घेतले.

ब्राउझरांची खरी नावं ते घेत नाहीत. चिन्हांवरून त्यांनी स्वतःची ठेवली आहेत. एक कोल्हा, एक भिंगरी, एक लाट. रोज सकाळी तेच पान तिघांत उघडायचं आणि स्टॉपवॉच लावून वहीत सेकंद लिहायचे. भिंगरी लई चपळ पण खादाड, कोल्हा शांत आणि पोटाने बेताचा, लाट नवीन सुनेसारखी, आजून अंदाज येत न्हाई, असे शेरे शेजारच्या रकान्यात. चौथ्याचं नाव म्हातारा. तो ज्यांनी बनवला त्यांनीच कधीचा बंद केला आहे. नव्या कॉम्प्युटरवर तो चालतही नाही, म्हणून त्याच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर वेगळा ठेवलेला. निकालाच्या साइटसारख्या काही जुन्या सरकारी साइट तेवढ्या त्याच्यात उघडतात. बंद पडलेल्या ब्राउझरची परीक्षा कशाला घेता, असं मी एकदा विचारलं. "असूंद्या," म्हणाले. इतकं आखूड उत्तर नानांचं नसतं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

नानांची स्वतःची वेबसाइटही आहे. तिच्यावर रोज कोळवणची खबर असते. डब्यात मोजलेला पाऊस, एस्टी किती उशिरा आली, कुणाची म्हैस व्याली, लाइट किती वेळ नव्हती, खाचरातल्या इंद्रायणी भाताचा एक फोटो. हसू नका, पुण्याचे फार्महाउसवाले शनिवारी निघायच्या आधी नानांचा पाऊस बघतात. ही साइट भाड्याच्या जागेवर नाही, नानांच्या पडवीत आहे. तिथे दोन कॉम्प्युटर अखंड घरघरत असतात. साइट मागायला आलेल्याला पान काढून देणारा जो प्रोग्राम, त्याला सर्व्हर म्हणतात. नानांनी दोघांवर दोन वेगळे सर्व्हर बसवले आहेत, जुना तो थोरला, नवा तो धाकला.

दोघांतला फरक त्यांनी मला लग्नाच्या पंगतीवरून समजावला. थोरला प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी उभा करतो. पाहुणे चार असले तर थाट मोठा, चारशे आले की वाढपीच एकमेकांना धडकतात. धाकल्याकडे वाढपी एकच, पण तो कुणासमोर थांबत नाही. भात वाढला, पुढे सरकला, वरण हवं असलं तर फेरीत परत येतो. मला हे पटकन कळलं. मी म्हटलं, मग धाकलाच ठेवा, थोरल्याचं वीजबिल वाचेल. नाना ऐकून न ऐकल्यासारखे पाऊस मोजायला गेले.

हेच मला पुढे गावाच्या वतीने म्हणावं लागलं. नानांची साइट ग्रामपंचायतीच्या साइटला जोडायची ठरली. ते काम करणाऱ्या मुलीने थोरला बघितला आणि सरपंचांना सांगितलं की इतकं जुनं मशीन उघडं ठेवणं धोक्याचं आहे, ते बंद झालं तरच जोडणी होईल. नाना ऐकेनात. सरपंचांनी मला गाठलं. "बाई, तुमचं ऐकत्यात ते." नाना माझं कधीच ऐकत नाहीत, पण माझा आवाज मोठा आहे म्हणून लोकांचा तसा समज आहे.

मी सरळ विचारलं, "नाना, थोरला का बंद करायचा नाही?"

त्यांनी एक वही काढली. कोण कितीला आलं आणि कोणत्या ब्राउझरमधून, हे सर्व्हर आपण होऊन टिपून ठेवतो. ते नाना रोज या वहीत उतरवतात. पानोपान कोल्हा, भिंगरी, लाट. आणि दर दिवशी एक ओळ लाल शाईने अधोरेखित. म्हातारा.

"म्हाताऱ्याकडं नव्या कुलपाची किल्ली न्हाई," नाना म्हणाले. "धाकल्याचं कुलूप नवं. म्हाताऱ्यातनं कुनी आलं तर धाकला दारातनंच परत पाठवतो. थोरला आत घेतो."

"पण म्हातारा वापरतं कोण आता?"

"रोहिणीला दिल्याला लॅपटॉप कारखान्यातलाच हुता. त्याच्यावर म्हाताराच हाय. दुसरं काय चालत न्हाई."

रोहिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या नोकरीत बरोबरच्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं, जातीबाहेरचं. साऱ्या भावकीसमोर नाना तिला म्हणाले, या घराचा उंबरा तुला बंद. ती गेली ती आलीच नाही. दोन वर्षांनी हिराकाकू, नानांची बायको, वारल्या. दहाव्याला रोहिणी घाटावर आली, पिंडाला नमस्कार केला आणि घरी न येता तिथूनच परत गेली. मी तिथे होते. नाना तिच्यापासून दहा पावलांवर उभे होते. दोघंही बोलले नाहीत. पुढे तिचा नंबर बदलला.

"बोलवून घ्या तिला. पत्ता मी काढून देते," मी म्हटलं.

"कंच्या तोंडानं? सारा जल्म मोजून काढला बाई, आन त्या दिशी न मोजता बोललो." त्यांनी वही मिटली. "तिनं यायचं ठरिवलं तर दार उगडं असावं. येवढंच हाय."

मी सरपंचांना सांगितलं की थोरल्याला हात लावायचा नाही, जोडायचा तर फक्त धाकला जोडा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तांत्रिक आहे.

पण मी गणिताची बाई. त्या लाल ओळी डोक्यातून जाईनात. मी वहीच्या दोन पानांचा फोटो मागून घेतला आणि पुण्याजवळ सूसला भाचीकडे गेले, ती आयटीत आहे. तिने फोटो मोठा करून बघितला.

"मावशी, हा माणूस नाही गं. रोज सकाळी सहा बारा. रविवारी सहा बारा, दिवाळीत सहा बारा. पहिलं पान उघडतो, फोटो एकही बघत नाही. नेटवर फिरणारी यंत्रं असतात अशी, पानं गोळा करत हिंडतात. ब्राउझरचं नाव वाटेल ते सांगतात, बऱ्याचदा जुनंच."

मी फोटो परत नीट बघितला. खरंच, रोज सहा बारा. मी मुलांना आकड्यांतली संगती शोधायला शिकवते, आणि मला ती दिसली नव्हती. नानांनाही दिसली नसणार, असं मी धरून चालले. त्यांना सांगायचं नाही, असंही ठरवलं.

इथवर ठीक होतं. पुढे जे केलं ते माझ्या स्वभावात नाही. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत कारखान्याकडून आलेला एक जुना कॉम्प्युटर अजून चालतो आणि त्याच्यावर म्हातारा आहे. एका दुपारी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी तिथे बसले आणि नानांची साइट उघडली. पान यायला वेळ लागला, पण आलं. मी फोटो एकेक करून उघडले. भाताचे बघितले, म्हशीचे बघितले. खाली हिराकाकूंच्या अबोलीचा एक होता, तोही बघितला. म्हाताऱ्यातून कधीतरी एखादं माणूस येऊन जरा वेळ थांबून गेलं, एवढं वहीत नोंदलं जावं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नाना वही घेऊन शाळेत हजर. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच होते. ते बाकावर बसले.

"काल एक पंचवीसला म्हातारा आला हुता."

"हो का?" मी म्हटलं. मुलांचं खोटं मी चेहऱ्यावरून ओळखते, माझा चेहरा तेव्हा कसा होता देव जाणे.

"शाळंच्या नेटच्या लायनीवरनं. ती लायन मीच बसिवलीय, बाई."

मी समोरचा डबा बंद केला.

"आन सहा बाराचं यंत्र हाय, ते बी पैल्या म्हैन्यातच कळलं मला. मानूस रोज एकाच मिन्टाला येत न्हाई. लाल रेघ म्हंजी लाल डबा."

"मग मला रोहिणी येते म्हणून का सांगितलंत?"

"मी कवा म्हनलो? दार उगडं हाय म्हनलो. ती येती म्हनलो न्हाई."

हे खरं होतं. ते तसं म्हणाले नव्हते, जोडून मी घेतलं होतं.

नानांनी खिशातून पट्टी काढली. एक पंचवीसच्या नोंदीवर सरळ रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात 'शाळा' लिहिलं. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसले.

"तुमचा राग न्हाई, बाई. माया हाय, कळतंय मला. पर परत नका येऊ." वहीकडे बघतच ते म्हणाले, "खरी आली तर मला वळखता आली पायजे."

मी बरं म्हटलं. घंटा झाली, नववीचा तास होता. मी खडू उचलला आणि वर्गाकडे गेले.