मुकी शिशी

“मावशे, काही झालं तरी शिशी थंड ठेवजो. टोचाची नाही, प्याची नाही, कोनाच्या हाती द्याची नाही. चार वर्षांचं काम हाये माहं.”

इंद्रभानचं रविवारचं हे बोलणं सोमवारी दुपारी रुख्मिणीला आठवलं, कारण थर्मासात बर्फापेक्षा पाणीच जास्त दिसत होतं. अंगठ्याएवढी शिशी त्यात डुलत होती. इंद्रभान ती मुंबईहून नागपूरच्या प्रयोगशाळेत नेत होता. धनजला मयतीला जायचं म्हणून दोन दिवसांपुरती मावशीकडे मानोऱ्याला ठेवून गेला.

“हाये तरी काय यात?” तिनं विचारलं होतं.

“मानसाच्या अंगात असते तेच प्रथिन. पन जंतूंकडून बनवून घेतलेलं. फक्त तपासायले.”

“जंतू आयकतात तुमचं?” रुख्मिणीला नवल वाटलं. “इथं वावर निंदायले बाई आयकत नाही.” पण शिशी सांभाळायचा शब्द तिनं दिला.

आता बर्फ हवा होता, आणि रुख्मिणीचं मौन होतं. सन एकोणऐंशीच्या चैत्रातल्या याच सोमवारी तिनं महादेवापुढे नवं व्रत धरलं होतं: उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत शब्द काढायचा नाही. लिहिणं हेही बोलणंच, म्हणून तेही नाही. गावाला याचा पत्ता नव्हता. सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

थर्मास घेऊन ती शेजारच्या सुगराबीकडे गेली. सुगराबीच्या नवऱ्याचं, रज्जाकचं, नाक्यावर सोड्याचं दुकान होतं. तिथे भुशात बर्फाची लादी असे. रुख्मिणीनं शिशी दाखवली आणि थंडी समजावी म्हणून अंग चोरून कुडकुडून दाखवलं.

“या अल्ला! या उन्हात थंडी? हिवताप भरला बाईले!” सुगराबीनं तिला खाटेवर बसवून गोधडी लपेटली. रुख्मिणीनं मान जोरजोरानं हलवली.

“अन् मानबी लटपटून राह्यली! आवाज गेला वाटते. बरं झालं, दवाई संगं घेऊन आली.”

तिची हाक ऐकून समोरच्या जनावरांच्या दवाखान्यातून देवमन कंपाउंडर धावत आला. त्यानं शिशी हाती घेऊन चष्म्यातून एकेक अक्षर लावलं.

“ह्यु-म-न. म्हन्जे मानसाचं! आमच्या ढोराचं नाही, बिनघोर राहा.”

“अन् खालती बारीक बारीक काय लिवलं?”

“ते कंपनीचं असते. ते कोनी वाचत नाही.”

त्या बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी, माणसाला देऊ नये’ एवढंच लिहिलेलं होतं.

देवमननं सुई उकळायला ठेवली. ती पाहून गोधडीतल्या रुख्मिणीला घाम फुटला.

“पाहा, घाम आला. ताप उतरून राह्यला,” सुगराबी म्हणाली.

“सुई जराशीक जाड हाये, बैलाची. पन काम चोख करते.” असं म्हणत देवमननं शिशीचं बूच पुसायला घेतलं. रुख्मिणीच्या डोळ्यांपुढे इंद्रभानची चार वर्षं उभी राहिली. तिनं मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

“ठेव ते खाली, देवमन! मले काहीच झालं नाही! बहिनीच्या लेकाची ठेव हाये ते, मले बर्फ पाहिजे!”

देवमननं दचकून शिशी खाली ठेवली.

“बोलली!” सुगराबी किंचाळली.

देवमन शिशीकडे पाहतच राहिला. “टोचलीबी नाही... नुसती दाखवली!”

मौनाबद्दल रुख्मिणीनं तीनदा सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही. रज्जाकनं मात्र हवा तेवढा बर्फ दिला. संध्याकाळपर्यंत अंगणात रांग लागली. मारोतरावांनी न हंबरणारी गाय आणली. हिरीबाईनं हळूच विचारलं, “उलटं औषिद असते का वो? सासूसाठी?” सगळ्यांना दुरूनच दर्शन मिळालं. थर्मास रुख्मिणीनं मांडीवरून हलवला नाही.

रात्री दिवा लावताना ती पुटपुटली, “देवा, सोमवार मोडला. उद्या पुरा दिवस भरून देतो.”

मंगळवारी पहिल्याच एस्टीनं इंद्रभान आला. शिशी गार, बूच जसंच्या तसं. त्याचे डोळे भरले.

“काही तरास झाला का, मावशे?”

तिनं हसून नकाराची मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. पाया पडून, शिशी घेऊन तो नाक्यावर थांबलेल्या त्याच गाडीत चढला.

सुगराबी दारात आली. “शिशी गेली का?”

रुख्मिणीनं होकाराची मान हलवली.

“मंग बोल ना! बोल की वो बाई!... देवमन, धाव रे! शिशी गेली अन् आवाजबी संगंच गेला!”

देवमन चपला टाकून एस्टीमागं धावत सुटला. रुख्मिणीनं बेलाची थाळी उचलली, पदर डोक्यावर घेतला आणि एक अक्षर न बोलता महादेवाच्या देवळाची वाट धरली.