फणसळकर बोलिव्हियाला जातात

फणसळकर कोणाच्याही घरी जेवायला आले की आधी गॅसचा रेग्युलेटर बघत. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात शिरलेले असत. मग बाल्कनीचं ग्रिल हलवून बघायचं, जिना कुठे आहे ते विचारायचं आणि शेवटी दाराजवळची खुर्ची पकडायची. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोला, वैशालीला, वाटलं की मेन्टेनन्सचा माणूस आलाय. तिने त्यांना गळका नळही दाखवला.

आमच्या कन्स्ट्रक्शन कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर आणि मी बिलिंगला. दोघेही आखातात, अल मनखूल भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. मी बायको-मुलीसह चौथ्या मजल्यावर, ते पहिल्या मजल्यावर एकटे. पहिला मजला का, तर बंबाची शिडी तिथवर नक्की पोचते. लग्न केलं नव्हतं. त्यातही रिस्क फार, असं म्हणायचे.

'मरायचंय का तुला?' हे त्यांचं पालुपद. हेल्मेट काढलेल्या मजुराला, लिफ्टमध्ये उड्या मारणाऱ्या आमच्या ईशाला, चौथं भजं उचलणाऱ्या मला, सगळ्यांना एकाच मायेने विचारायचे. साइटवर ते हिंदीत व्हायचं, 'मरना है क्या?' मजूर त्यांना पाठीमागे 'मरना साब' म्हणत.

मग मंदी आली. क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. बिल्डिंगखालच्या दोन गाड्यांवर धूळ साचत गेली, मालक रातोरात देश सोडून गेलेले. शेजारी एकमेकांना 'कसं चाललंय?' विचारेनासे झाले, कारण न जाणो, समोरचा खरं सांगायचा. ऑफिसात फोन वाजला की आधी नंबर बघायचा, एचआरचा नसला की श्वास घ्यायचा. वर्षभर हेच चाललं.

फणसळकरांची साइट बंद पडली. मजूर घरी गेले आणि पाठोपाठ त्यांनाही पत्र मिळालं. धीर द्यायला गेलो तर हे टेबलावर नकाशा पसरून बसलेले.

"बोलिव्हियाला जातोय," म्हणाले.

"वा! कुठली कंपनी?"

"कंपनी कसली रे? डोंगरात चालायला. एकटाच."

"अहो, तुम्ही शारजाला एकटे जात नाही."

"जातो की. बसमध्ये इमर्जन्सी एक्झिटपाशी बसतो."

"पण कशासाठी?"

त्यांनी चष्मा पुसला. "इतकी वर्षं पगार घेऊन भीत आलो. आता पगार खलास. ती भीती नोकरीची होती की माझी, एकदा बघून घेतो."

तयारी सुरू झाली. पाठीवर तांदळाची गोणी, डोक्यावर साइटचं हेल्मेट, अंगात चमकतं पिवळं जॅकेट, अशा थाटात ते बिल्डिंगचा जिना चढू-उतरू लागले. पहिल्याच दिवशी त्यांना बघून आग लागली असं समजून दोन मजल्यांवरची माणसं खाली पळाली. साइटवर रोज काम सुरू व्हायच्या आधी ते मजुरांना त्या दिवशीचे धोके समजावून सांगत. आता ते भाषण लिफ्टच्या आरशासमोर स्वतःलाच देत. "आज क्या करना है? नीचे देखके चलना है. और क्या नहीं करना है?" आरसा गप्प राहिला की पुन्हा विचारत.

ईशाने त्यांना सरळच विचारलं, "अंकल, व्हॉट इफ यू फॉल?"

"देन ओन्ली वन मॅन फॉल्स, बेटा," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की मला भीतीच वाटली. वैशालीने मेतकूट बांधून दिलं, दुसरं करणार काय?

ला पाझहून मेसेज आला, 'पोचलो. विमानतळच डोंगरावर. बसल्या जागी धाप लागते. उद्या निघतो.' त्यानंतर काही नाही. आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. आम्हाला काळजी करायचा सरावच नव्हता, ते खातं इतकी वर्षं त्यांच्याकडे. शेवटी म्हटलं, त्यांच्या घरी तरी कळवावं. ऑफिसात विचारलं, बिल्डिंगमध्ये विचारलं. कळवावं असं कोणी सापडलंच नाही. त्या दिवशी वैशाली देवापाशी बराच वेळ बसली होती.

आणि एका दुपारी फणसळकर दारात. नाक सोललेलं, पँट ढगळ झालेली. व्हिजिट व्हिसावर सामान न्यायला आले होते. त्यांना जेवायला बसवलं.

"मग? भीती कोणाची निघाली?" मी विचारलं.

"माझीच रे. अस्सल." भात कालवत ते सांगू लागले. खिंडीतून खाली उतरणारी जुनी दगडी वाट, एका अंगाला दरी. मधेच धुकं आलं. पुढचा दगड दिसेना. पाय हलेनात. खडकाला धरून खाली बसले. ओरडावं तर ऐकायला माणूस नाही.

"मग काय केलंत?"

"मग हजेरी घ्यायला लागलो."

आम्हाला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. साइटवर संध्याकाळी शेवटचा मजूर खाली येईपर्यंत ते लिफ्टपाशी नावं घेत उभे राहायचे, रोज. आम्ही ऑफिसवाले तोवर घरी चहा पीत असायचो, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं.

"रामधनी, सेल्वम, इक्बाल, दोन्ही थापा... एकेकाचं नाव घेतलं. एकेकाला खाली आणला. नावं संपेपर्यंत धुकं विरळ झालं होतं. मग मीही उतरलो, बसत बसत." ते हसले. "खाली आलो आणि सवयीने उभाच राहिलो, सगळे आले का बघायला. एक म्हातारी लामा नावाची तिकडची जनावरं राखत होती, डोक्यावर गोल हॅट. तिला म्हटलं, बाई, एकच होता, आला. तिने मला उकडलेला बटाटा दिला."

ईशा हसली. वैशाली वाढायची थांबली होती.

"मला मोजायला खाली कोणी नाही, हे तिथे कळलं बघ. इतकी वर्षं वेळच मिळाला नव्हता," ते म्हणाले. "वहिनी, कोशिंबीर फार छान झालीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मुंबईच्या विमानाला सोडायला गेलो. म्हटलं, उतरलात की फोन करा.

"कशाला? विमानं रोज उतरतात," हे सेफ्टी ऑफिसर म्हणाले आणि ट्रॉली ढकलत आत गेले. मी वळलो, तोच ते रांगेतल्या लोकांना 'सॉरी, सॉरी' म्हणत उलटे बाहेर आले.

"केला फोन, तर उचलशील ना? कामात असशील."

"उचलेन," मी म्हटलं. आणखी काही बोललो असतो तर रडलो असतो.

ऑफिसात मोबाइल समोर ठेवून बसलो. विमान उतरायची वेळ झाली, टळून गेली. आणि मोबाइल वाजला. नंबर एचआरचा होता. वर्षभर ज्याच्या धास्तीने जेवण गेलं नव्हतं, तो. फणसळकरांना लाइन मोकळी मिळायला हवी म्हणून मी तो कट केला.