पुसून परत देणारा

या, जवळ या! मागे टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावं. गोष्ट ऐकण्यासारखी आहे, पण मोठ्याने सांगण्यासारखी नाही. सासूबाई शेजारच्या खोलीत आहेत आणि त्यांची जखम अजून ओली आहे.

वीस वर्षं मी व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्याने दिल्या. छातीठोकपणे सांगतो, माझ्या दुकानातून कुणाचा उष्टा खेळ दुसऱ्याच्या हाती गेला नाही! कॅसेट परत आली की आधीच्या गिऱ्हाइकाचा अर्धवट डाव पुसायचा, मगच ती पुढच्याला द्यायची. देवाने एवढी एकच सेवा माझ्याकडून चोख करून घेतली.

पुढे दुकान मिटलं. आता कॅसेट नाही की कपाट नाही, खेळ थेट टीव्हीवर उतरतो! बायकोने तशी वर्गणी भरली होती. बुधवारी दुपारी म्हटलं, बघू तरी. उघडतो तर पडद्यावर कुणाचं तरी शेत! विहीर, गोठा, कोबीचे वाफे. वर लिहिलेलं, 'दिवस चारशे बारा'.

"अरेरे! आधीचं गिऱ्हाईक सगळं तसंच टाकून गेलं की!"

मी पुसलं. यंत्राने तीनदा विचारलं, "नक्की?" आपण पडलो सभ्य. तिन्ही वेळा "हो" म्हटलं.

तेवढ्यात बायको डोकावली. "अहो, आईचं शेत लावून ठेवा. पाचला तिचं लाइव्ह असतं."

"कुणाचं शेत?"

"आईचं! गुडघे गेल्यापासून ती तिथेच तर फिरते. तीनशे माणसं बघतात तिला!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सासूबाईंची तर मी आधीच सरकवली होती!

बायकोची पाठ वळताच मदतकेंद्राला फोन लावला.

"ताई, वाचवा! शेत गेलं!"

"घाबरू नका काका, क्लाउडवर जुनी प्रत असते कधीकधी. पण इथे कुणीतरी तीनदा हो म्हटलंय."

"कुणीतरी नाही हो, मीच तो गाढव!"

"जावईबापू, जरा हळू."

मागे वळून बघतो तर दारात सासूबाई! एका हातात काठी, गळ्यात माईक.

"आज लवकर सुरू केलंय मी. तीनशे माणसांनी ऐकलं."

मग त्यांची नजर टीव्हीवर गेली. काळी माती आणि दगड. त्या सावकाश खुर्चीत बसल्या.

"माझी विहीर?"

मंडळी, एरवी त्यांची हाक तीन घरं ऐकतात. तो आवाज माझ्यापर्यंतही जेमतेम पोचला. मी खाली मान घालून उभा. वाटलं, दोन शिव्या तरी द्याव्यात यांनी!

तेवढ्यात फोन बोलला, "काका, सोमवारची प्रत सापडली!"

पडदा थरथरला आणि अहाहा! विहीर आली, वाफे आले, गोठा आला! बायको टाळ्या वाजवत आली. माझी छाती पुन्हा फुगली. "बघा! देव आहे!"

सासूबाई थेट पडद्यावरच्या गोठ्यात शिरल्या. गाईपाशी थांबल्या.

"वासरू कुठाय?"

"कुठलं वासरू?"

"मंगळवारी झालेलं."

मी फोनकडे बघितलं. ताईने पुन्हा एकदा शोधून बघितलं. मग म्हणाली, "मंगळवारचं काहीच नाही हो, काका."

म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो. पांढरं होतं म्हणे, कपाळावर तांबडा ठिपका, नाव ठेवायचं राहिलं होतं. माझी आठवण ठेवायला तीनशे माणसं आहेत. त्या वासराची तेवढी तुम्ही ठेवा.