गप्पा मारत पोहणारी शेवंती

आमोण्याची शेवंती शर्यतीत बोलायची. पोहून झाल्यावर नव्हे, पोहताना. "ब्रेस्टस्ट्रोक मी एवढ्यासाठीच घेतला गो," ती म्हणायची, "डोकं वर राहतं. बाकीच्यांत तोंड पाण्यात! तसलं मुकं पोहणं कोणाला हवंय?"

पणजीच्या तलावात शिट्टी झाली की बाकीच्या मुली हात मारत, ही गप्पा मारी. "तुझं घर खंय गो? म्हापशाला? तिथे माझी मावशी..." गोष्टीत मावशीची सून येईपर्यंत समोरची भिंत येई आणि शेवंती पहिली येई. मी सुर्ल्याची, दात-ओठ आवळून, श्वास मोजत दुसरी. माझ्या मते खरी खेळाडू मीच. आरशासमोर मान वाकवून पदक घ्यायचा सरावही झाला होता. पदकच तेवढं येत नव्हतं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. राज्याचा संघ दिल्लीला जाणार होता आणि ब्रेस्टस्ट्रोकला जागा एकच. "दोन दिवस आगगाडीत!" शेवंती महिनाभर भेटेल त्याला सांगत होती. स्पर्धेबद्दल अवाक्षर नाही. मी मनात म्हटलं, काय हे ध्यान!

शेवटच्या निवडीला आम्ही दोघीच उरलो. निम्म्या वाटेत माझ्या पोटरीत गोळा आला. शेवंती पुढे होती, ती मागे वळली. सर काठावरून किंचाळत होते, "शेवंती, फुडें चल!"

"भियेवं नाका गो बाय, पाय सैल सोड," ती माझा दंड धरून म्हणाली. "काल आमच्या म्हशीनं काय केलं ठाऊक आहे?"

म्हैस दावं तोडून देवळापर्यंत पोचली आणि माझा गोळा उतरला. मग मी आभार मानले? छे! सुटले ती थेट भिंत गाठली. त्या दिवसाचा फोटो अजून माझ्या दिवाणखान्यात आहे. "आजी पहिली आलेली," एवढंच नातवंडांना सांगते. कितीजणींत, ते विचारायची त्यांना अक्कल नाही.

दिल्लीत आठांत आठवी आले. परतल्यावर राज्याचं नाव छापलेला कोट घालून, भर उन्हात, शेवंतीच्या घरी मिरवायला गेले.

घर चिडीचूप. ओसरीच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला भाऊ. बाप मराठीवाला, भाऊ कोंकणीवाला. गोव्याची राजभाषा कोणती, या भांडणापासून दोघांचं बोलणं बंद. शेवंतीनं मराठीत तोंड उघडलं की भाऊ ताट सारून उठे, कोंकणीत उघडलं की बाप. म्हणून ती घरात तोंडच उघडत नव्हती. तिनं नुसत्या खुणेनं मला मागीलदारी नेलं.

"गाडीच्या डब्यात किती जणी होत्या गो?" ती कुजबुजली.

"बारा."

"बारा! काय काय बोलायच्या? पहिलीपासून सांग."

दोन्ही दिवस मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. खेळाडूनं कमी बोलावं, असं माझं तत्त्व. एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

कोट काढून पायरीवर बसले. "एक होती काणकोणची लीला," मी ठोकून दिलं, "झोपेतसुद्धा भांडायची."

आवाज ओसरीवर जाऊ नये म्हणून शेवंती तोंड दाबून हसली. मग तिनं दोन बोटं वर केली. दुसरी?